पुढचं डावं दार

“पुढचं डावं दार सोडा, वैनी. बाकीची तीन करा,” पिलणकर म्हणाला.

त्याच्या गॅरेजातल्या फळीवर मोडीत निघालेल्या कुठल्याशा गाडीच्या दाराचा खटका ठेवलेला होता. मुठीत मावेल एवढं लोखंड, आणि त्याच्या आत खेकड्याच्या नांगीसारखा एक आकडा. पिलणकरनं पेचकसाचं टोक घालून तो दाबला तसा खट् करून बसला. मागचा दांडा ओढला, सुटला.

“दार लागतं ते या नांगीमुळं. तुमच्या गाडीत काय झालंय, जुनं ग्रीस आत सुकून डिंकासारखं झालंय. त्यात आपली ही खारी हवा. नांगी अर्ध्यावर अडकते. लोक वरून तेल ओततात. दोन दिवस बरं चालतं, मग त्याच तेलावर आणखी धूळ बसते. तसं नाय करायचं. खटका बाहेर काढायचा, रॉकेलात भिजवायचा, जुन्या टूथब्रशनं घासायचा, पार कोरडा करायचा. मग जिथं फिरतो तिथं थेंब थेंब मशीनचं तेल, आणि नांगीला बोटभर ग्रीस. बास.”

“शिवणयंत्राचं करते तसंच की.”

“तसंच. म्हणून तर सांगतोय. मला लग्नसराई संपेपर्यंत श्वास घ्यायला वेळ नाय.”

“मग पुढचं डावं का सोडू?”

पिलणकर फडक्याला हात पुसत राहिला. “ते सर आले की करा. त्यांना विचारून.”

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात बहुतेक गोष्टी सर आले की, त्यांना विचारून होत असत.

सर म्हणजे माझे यजमान, रघुवीर पेडणेकर. रत्नागिरीत कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, आणि माणसांत मीही सरच म्हणायची सवय लावून घेतली होती. नेमस्त, कमी बोलणारा माणूस. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. एकोणीसशे सत्त्याण्णवच्या मे महिन्यात ते विद्यापीठाचे पेपर तपासायला दहा दिवस मुंबईला गेले होते. जाताना सांगून गेले होते, “आक्का एकतीस तारखेला येतेय. मागची दारं पिलणकरकडून तेवढी करून घे.” आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, सावंतवाडीची. मागच्या खेपेला अडकलेलं दार ओढताना तिच्या बोटाचं नख निघालं होतं आणि ती सगळे चार दिवस तेच बोट सगळ्यांना दाखवत होती.

गाडी जुनी होती. सरांनी ती कॉलेजच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून घेतली होती. चारही दारांची चार तऱ्हेची दुखणी. त्यातलं माझ्या बाजूचं, पुढचं डावं दार आतून उघडतच नसे. आतलं हँडल नुसतंच वरखाली व्हायचं. काचही चार बोटं खाली येऊन थांबायची, त्यामुळं हात बाहेर घालून बाहेरच्या मुठीनं उघडावं म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. बाहेरून मात्र दार लोण्यासारखं उघडायचं.

त्यामुळं कुठंही गेलो की सर गाडी थांबवायचे, उतरायचे, शर्ट नीट करायचे, बॉनेटला वळसा घालून माझ्या बाजूला यायचे आणि दार उघडून धरायचे. माझं डोकं आपटू नये म्हणून दुसरा हात दाराच्या वरच्या कडेला लावायचे. आठ वर्षं हे असंच चाललं होतं. आमच्या शेजारच्या जोगळेकरवहिनी तर आपल्या नवऱ्याला ऐकवायच्या, “पाहा जरा, लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सर अजून बायकोला दार उघडून देतात.” जोगळेकर हसायचे. मीही हसायचे.

मी काही कोंडलेली नव्हते. ड्रायव्हरच्या बाजूनं सरकून उतरता आलं असतं. एकदा बाजारात, सर पोस्टात गेले होते तेव्हा, उतरलेही होते. पण मधल्या गिअरच्या दांड्यात निऱ्या अडकल्या, पोलका टरकला, समोरच्या पानवाल्याकडची माणसं बघत राहिली. सर आल्यावर एवढंच म्हणाले, “पाच मिनिटं थांबता आलं नसतं का?” मागच्या सीटवर बसावं म्हटलं तर म्हणाले होते, “तू मागं बसलीस तर मी ड्रायव्हर दिसतो.” दार दुरुस्त करा असं दोनदा सुचवलं, तेव्हा म्हणाले होते की त्याचा भाग आता मिळत नाही.

गॅरेजातून येताना मी रॉकेल आणि ग्रीसचा डबा घेऊन आले. केतकी, आमची मुलगी, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि सकाळी टायपिंगच्या क्लासला जायची. ती गेली की मी पोर्चमध्ये सतरंजी अंथरून बसायचे.

मागचं उजवं दार पहिलं घेतलं. आतलं पॅड काढायला अर्धा दिवस गेला. आर्मरेस्टचे दोन स्क्रू गंजलेले, काचेच्या हँडलमागची पिन दिसेना. पॅड निघालं तेव्हा मागं डांबरी कागद, आणि तो सोलल्यावर पत्र्याला पडलेली मोठाली भोकं, त्यातून दाराच्या पोटातलं सगळं दिसत होतं. एक पातळ सळई आतल्या हँडलपासून निघून खटक्यात अडकवलेली होती. हँडल ओढलं की सळई ओढली जाणार, सळईनं खटका सुटणार. मला फार आनंद झाला. वस्तू कशी चालते ते कळलं की मला नेहमीच होतो.

दाराच्या कडेचे तीन स्क्रू काढून खटका बाहेर घेतला. नांगी कुठली आणि मळ कुठला ते कळू नये इतका तो काळा होता. डालड्याच्या जुन्या डब्यात रॉकेल घेऊन त्यात टाकला. तासाभरानं घासला, उन्हात वाळवला, तेल दिलं, ग्रीस लावलं. पेचकसानं दाबून पाहिला तर पिलणकरकडच्यासारखा खट् करून बसला. संध्याकाळी केतकीकडून दार दहा वेळा उघडून घेतलं.

“आई, तू मेकॅनिक होणार होतीस का गं?” ती म्हणाली.

“होणार होते त्यातलं काहीच झाले नाही,” मी म्हणाले, आणि दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी मागचं डावं केलं, तिसऱ्या दिवशी सरांच्या बाजूचं. हात बसला होता. एकेक दार तीन तासांत व्हायला लागलं होतं. सर यायला अजून चार दिवस होते, रॉकेल उरलेलं होतं, ग्रीस उरलेलं होतं. चौथ्या सकाळी केतकी क्लासला गेल्यावर मी पुढच्या डाव्या दारासमोर जाऊन बसले. भाग मिळत नाही तर नाही. निदान उघडून पाहू, कुठला भाग तुटलाय तो. कोल्हापूरला माझा मामेभाऊ होता, त्याच्याकडून शोधून घेता आला असता. सरांना चकित करावं असं मनात होतं.

या दाराचं पॅड झटक्यात निघालं. स्क्रू गंजलेले नव्हते, त्यांना तेल दिलेलं होतं.

आत पाहिलं आणि आधी मला काही समजेना. काहीच तुटलेलं नव्हतं. सळई सरळ, चकचकीत होती. फक्त तिचं खटक्यातलं टोक काढून बाजूला घेतलेलं होतं आणि तांब्याच्या बारीक तारेनं पत्र्याच्या एका भोकाला बांधून ठेवलेलं होतं. तारेचे पाच वेढे, एकाला एक लागून, शेवटी पीळ देऊन टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये असं. आणि काच जिथून खाली येते त्या खाचेत एक लाकडी ठोकळा पाचर मारून बसवलेला होता. ठोकळ्याभोवती वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं, म्हणजे काच टेकताना आवाज होऊ नये.

ती तार मी ओळखली. प्रयोगशाळेत वेटोळी करायला वापरतात ती. घरात सरांच्या टेबलाच्या खणात तिचं एक रीळ असायचं.

मी ठोकळा ओढून काढला, कागद उलगडला. रविवारची पुरवणी होती. वर तारीख होती, बारा मार्च एकोणीसशे एकोणनव्वद.

ती तारीख मला हिशेब करून काढावी लागली नाही. मी देवरुखहून परत आले त्यानंतरचा तो पहिलाच रविवार.

झालं होतं असं की त्या वर्षी चिपळूणच्या एका प्रशिक्षण शाळेत मी शिवणकाम शिकवायच्या जागेसाठी अर्ज केला होता. मुलाखत चांगली झाली होती. महिनाभर पोस्टमनची वाट पाहिली, उत्तर आलं नाही. मग फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही लांज्याला एका लग्नाला गेलो. तिथं पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, “पेडणेकर म्हणजे तुम्हीच का? तुमचा नकार आला म्हणून माझ्या भाचीला घेतलं हो. देव तुमचं भलं करो.” मी परत येताना गाडीत सरांना विचारलं. ते रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, “पत्र आलं होतं. रोज चिपळूणला जाणं तुला झेपणार नव्हतं. मी तुझ्या वतीनं कळवून टाकलं.” मी विचारलं, सही कोणी केली? ते म्हणाले, “मी केली. त्यात काय.”

हातखंब्याच्या तिठ्यावर वळण घ्यायला गाडी हळू झाली तेव्हा मी दार उघडलं आणि उतरले. पडता पडता सावरले. समोर देवरुखची एसटी उभी होती, तिच्यात चढले. अकरा दिवस माहेरी राहिले. बाराव्या दिवशी आप्पा, माझे वडील, मला आणून सोडून गेले. वाटेत एवढंच म्हणाले, “माणूस दारू पीत नाही, हात उचलत नाही. आणखी काय पाहिजे?” सरांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. माझ्यासाठी केसांत माळायला सुरंगीचा वळेसर आणून ठेवला होता. आठवड्याभरातच गाडीचं दार बिघडलं. म्हणजे मला तसं सांगण्यात आलं.

किती वेळ तो कागद मांडीवर घेऊन बसले होते कोण जाणे. मग उठून, ग्रीसचे हात तसेच, पिलणकरच्या गॅरेजवर चालत गेले. तो जीपखाली होता. माझे पाय पाहून बाहेर आला.

“तुला ठाऊक होतं,” मी म्हणाले.

तो उभा राहिला, पण माझ्याकडे बघेना. “तीन वर्षांमागं पत्र्याच्या कामाला दार खोललं होतं, तेव्हा बघितलं. मी म्हटलं, सर, सळई सुटलीय, लावून देतो. सर म्हणाले, राहू दे, ते घरच्यांनी ठरवून केलंय.” मग हळूच म्हणाला, “मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे, वैनी.”

“माहीत असतं तर मी आठ वर्षं बसून राहिले असते का?”

मलाच माझा प्रश्न खरा वाटेना.

घरी येऊन मी तार सोडली. ती नीट बांधलेली होती, वेळ लागला. खटका काढून रॉकेलात टाकला. तो फारसा मळलेलाही नव्हता. तरी घासला, वाळवला, तेल दिलं, ग्रीस लावलं, बसवला आणि सळईचं टोक त्यात अडकवलं. केतकी आली तेव्हा मी पॅडचा शेवटचा स्क्रू आवळत होते. ती पोर्चच्या पायरीवरच थांबली.

“हे पण केलंस?”

“केलं.”

“बाबांना सांगितलंस?”

“आल्यावर कळेल त्यांना.”

ती चपला न काढताच आत गेली. दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी माझ्याच विचारात होते, मला त्याचं काही वाटलं नाही.

सर एकतीसला पहाटेच्या गाडीनं आले. दाढी, आंघोळ, चहा. दुपारी आम्ही दोघं आक्काला आणायला स्टँडवर गेलो. जाताना त्यांनीच दार उघडून मला बसवलं. स्टँडवर गाडी लावली, नेहमीसारखे उतरले, शर्ट नीट केला आणि बॉनेटला वळसा घालायला लागले. ते गाडीच्या पुढच्या दिव्यापर्यंत आले असतील तेव्हा मी आतलं हँडल ओढलं. खट् झालं. मी दार उघडून खाली उतरले आणि ते लावूनही टाकलं.

सर होते तिथंच थांबले. दार धरायला निघालेला त्यांचा हात थोडा पुढं आलेला होता. तो त्यांनी खिशात घातला. चेहरा असा झाला होता की एखाद्या अनोळखी माणसाला वाटलं असतं, यांचं पाकीट मारलं.

“सावंतवाडी लागली का बघतो,” म्हणाले आणि फलाटाकडे गेले.

आक्का आली. मागचं दार उघडून पाहून खूश झाली. घरी चहा झाला, तिनं आणलेली फणसपोळी झाली, तिचं ते बोट पुन्हा एकदा पाहून झालं. मग ती स्वयंपाकघरात केतकीशी गप्पा मारत बसली. मी माझ्या शिवणाच्या खोलीत होते. खिडकीतून पोर्च दिसायचा. सर बाहेर गेले, गाडीत माझ्या जागेवर बसले. दार ओढून घेतलं, आतून उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. काच पार खालपर्यंत नेली आणि वर आणली. मग थोडा वेळ तसेच बसून राहिले. तिथं बसलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

ते खोलीत आले तेव्हा मी यंत्रावर ठोकळा, तार आणि तो कागद मांडून ठेवला होता.

“पिलणकरनं काढलं?”

“मी काढलं.”

त्यांनी तार उचलून बोटाला गुंडाळली. “तू चालत्या गाडीतून उतरली होतीस. मागून ट्रक येत असता तर?”

“म्हणून आठ वर्षं?”

“एकदा उतरलेलं माणूस पुन्हा उतरू शकतं.”

“मला सांगायचंत. तोंडावर सांगायचंत, की तुझ्यावर विश्वास नाही, दार बंद करतोय. भाग मिळत नाही म्हणून कशाला सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू बसली असतीस?”

“नसते बसले.”

“मग?” ते म्हणाले. वर्गात गणित सोडवून झाल्यावर म्हणतात तसं.

मी रडणार नाही असं ठरवलं होतं. पण मला जे बोलायचं होतं ते ट्रकबद्दल नव्हतंच, आणि नोकरीच्या पत्राबद्दलही नव्हतं. ते बोलायला मला फार लाज वाटत होती.

“तुम्ही वळसा घालून यायचात ना,” मी म्हणाले, “ते मला आवडायचं. तुम्ही कधी काही बोलत नाही. वाढदिवस लक्षात ठेवत नाही. पत्रावर माझी सही तुम्ही करता. तरी मी स्वतःला सांगायचे, हा माणूस मनातलं बोलत नाही, पण दिवसातून एकदा उठून माझ्यासाठी वळसा घालून येतो. ऊन असलं तरी येतो, पाऊस असला तरी येतो. डोक्याला लागू नये म्हणून हात धरतो. तेवढ्यावर मी राहिले इथं. आठ वर्षं. आणि तुम्ही कुलूप उघडायला येत होतात.”

सर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. म्हणाले, “दोन्ही खरं असू शकतं.”

“नाही असू शकत.”

“शरयू, तू समजतेस तेवढंच ते नव्हतं. त्या वेळी केतकी…”

“तिला मधे आणू नका,” मी ओरडले. आमच्या घरात त्या भिंतींनी ऐकलेला तो पहिला ओरडा असेल. स्वयंपाकघरातल्या गप्पा बंद पडल्या. “जे केलंत ते स्वतःच्या नावावर घ्या. पोरीच्या आड लपू नका.”

सरांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं पाहिलं. तोंड उघडलं होतं ते मिटलं. मग ठोकळा, तार, कागद असं सगळं गोळा केलं आणि म्हणाले, “बरं. माझ्या नावावर.”

त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी आक्काला पावसला दर्शनाला न्यायचं होतं, तेव्हा मी मागच्या सीटवर जाऊन बसले. आक्का म्हणाली, “अगं, पुढं बस की नवऱ्याशेजारी.” मी म्हणाले, “इथंच बरं आहे.” सरांनी आरशातून पाहिलं आणि गाडी सुरू केली. ती गाडी पुढं दोन वर्षांनी गेली, दुसरी आली, तिसरी आली. मी मागंच बसत राहिले. गावात लोक काय म्हणायचे मला ठाऊक आहे. सरांचे विद्यार्थी भेटले की काचेतून आधी त्यांना नमस्कार करायचे, मग मागं वळून मला शोधायचे. सर ड्रायव्हर दिसायचे. मला ते तसे दिसावेत असं वाटायचं. ते निवृत्त झाले, त्यांना डोळ्यांचा त्रास सुरू झाला, तरी गाडी तेच चालवायचे आणि मी मागं. बोलणं म्हणाल तर भाजी, औषधं, केतकीचं पत्र, पुढं केतकीचा फोन. बावीस वर्षं एका घरात दोन माणसं अशी राहू शकतात, हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. चिपळूणच्या त्या शाळेला मी त्याच जूनमध्ये पुन्हा पत्र टाकलं होतं, या वेळी माझ्या सहीनं. वय उलटून गेल्याचं दोन ओळींचं उत्तर आलं.

सर दोन हजार एकोणीसला गेले. हृदयविकारानं, अर्ध्या तासात. मी रडले नाही. केतकी फार रडली.

ती आता नाशिकला असते. तिची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. दिवस झाल्यावर पाहुणे गेले आणि दुपारी आम्ही दोघी सरांचं कपाट आवरायला बसलो. शर्ट एकीकडे, कागद एकीकडे. छोटी शेजारी जमिनीवर झोपली होती. केतकी तिच्याकडे पाहत होती. एकदम म्हणाली, “आई, तू बाबांना शेवटपर्यंत माफ केलं नाहीस ना? त्या दाराबद्दल.”

“तुला काय माहीत त्याचं?”

“मीच सांगितलं होतं त्यांना.”

मला कळेना. “काय सांगितलं होतंस?”

“दार बंद करायला.” तिनं हातातल्या शर्टाची घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. “तू देवरुखला होतीस ना, तेव्हा मी गाडीत बसायलाच तयार नव्हते. शाळेत चालत जायचे. तू आल्यावरही बसेना. बाबांनी विचारलं, का गं? मी म्हटलं, आई परत दार उघडून जाईल. तिचं दार उघडणारच नाही असं करा, तर बसते. ते नको नको म्हणत होते. मी दोन दिवस जेवले नाही. मग रविवारी त्यांनी केलं. मी बॅटरी धरून उभी होते. त्यांनी मला दहादा हँडल ओढून दाखवलं, बघ, उघडत नाही. त्या दिवसापासून मी नीट झोपायला लागले.”

“मग मला का नाही…”

“बाबा म्हणाले, आईला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. आणि तू ज्या दिवशी ओरडलीस ना, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते. आत येऊन सांगणार होते. सगळं ऐकू येत होतं. पण ते म्हणाले, माझ्या नावावर. मग मला धीरच झाला नाही. नंतर कधीच झाला नाही.”

बाहेर रस्त्यावर कुणीतरी भंगार मागत जात होतं.

पत्रावर सही त्यांनीच केली होती, असं मी तिला म्हणू शकले असते. ते खरंच होतं. पण ती माझ्याकडे पाहत नव्हती, झोपलेल्या पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करत होती.

“हातखंब्याला मी मागच्या सीटवर होते, आई,” ती म्हणाली. “लग्नातला परकर-पोलका होता अंगावर. तू उतरलीस, तेव्हा मला वाटलं तू माझं दार उघडायला येतेयस. मी सरकून दारापाशी आले. मग एसटी सुटली. मी मागच्या काचेतून बघत होते, तू खिडकीत दिसतेस का. तू एकदा तरी मागं वळून पाहिलं होतंस का गं?”

पाहिलं होतं असं तिला सांगावं, म्हणून मी तोंड उघडलं. पण मी पाहिलं नव्हतं.